गुरनुले गुरुजींचा बगळा

"बगळ्याले दोनदा टोच मार! घाईनं नाई. एक... दोन! हां. आता हात काढ. बगळा ध्यानाले बसला."

पेंढरटोल्याच्या शाळेत मी हजर व्हायला गेलो, तेव्हा व्हरांड्यात माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. शाळेच्या मागे तलाव होता आणि त्याच्या बांधावर खरोखरीचे वीसेक बगळे उभे होते. मला वाटलं, निसर्गाचा पाठ चालू आहे. आत डोकावलो तर एकाही पोराचं खिडकीकडे लक्ष नव्हतं. सगळी पोरं एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभी होती, आणि मध्ये टेबलावर, नवाकोरा, अंगावर अजून प्लास्टिकच्या पिशव्या असलेला, संगणक होता.

त्याच्या बाजूला उभे असलेले उंच, हडकुळे, खांद्यावर दुपट्टा आणि सुताराच्या पेन्सिलीसारखा कानावर खडू खोचलेले गृहस्थ म्हणजे गुरनुले गुरुजी. आमच्या दोन शिक्षकी शाळेचे मुख्याध्यापक. पहिली आणि दुसरी माझ्याकडे येणार होती, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. पटावर एकूण पोरं एक्केचाळीस.

मी नवा शिक्षण सेवक, हिंगणघाटचा. डी.एड. सोबत संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स केलेला. त्या काळी, म्हणजे दोन हजार तीन-चारच्या सुमारास, एवढ्या भांडवलावर माणूस स्वतःला शास्त्रज्ञ समजत असे. मी पुढे होऊन नम्रपणे म्हणालो, "गुरुजी, त्याला कर्सर म्हणतात."

गुरुजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "राऊत सर ना तुमी? या. बसा. कर्सर म्हणजे काय जी?"

"कर्सर म्हणजे... तो बाण. स्क्रीनवर हलतो तो."

"पांढरा हाय?"

"हो."

"लांब चोचीचा हाय?"

"म्हणजे... हो."

"हळू चालते, थांबते, मंग टोचते. हाय का नाई?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच म्हणाले, "हायच. मंग बगळा झाला ना बापा!"

'हाय का नाई? हायच.' हे त्यांचं पालुपद. प्रश्नही तेच विचारायचे, उत्तरही तेच द्यायचे. समोरच्याला त्यात काही काम नसे.

झालं असं होतं, की कुठल्याशा सरकारी योजनेतून दोन महिन्यांपूर्वी हा संगणक शाळेत आला होता. आणणाऱ्या माणसानं तो जोडला, चालू करून दाखवला, सही घेतली आणि टेम्पोत बसून निघून गेला. शिकवायला कोणी आलं नाही. सोबत एक जाड पुस्तक होतं, ते इंग्रजीत. गुरुजींच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इंग्रजीशी त्यांचा संबंध बिस्किटाच्या पुड्यापलीकडे आला नव्हता. दुसरा एखादा असता तर त्यानं संगणक फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला असता. तशा शाळा मी पुढे पाहिल्या. गुरुजींनी मात्र दोन महिने स्वतः टोचून टोचून पाहिलं, आणि जे जे सापडलं त्याला नाव देत गेले.

गाव होतं तलावावर मासे धरणाऱ्यांचं आणि धान पिकवणाऱ्यांचं. नावं तिथूनच आली. काम जपून ठेवायचं तर ते 'ढोलीत टाकायचं', म्हणजे धान साठवायच्या बांबूच्या ढोलीत. खोडलेलं चित्र 'बोडीत' जायचं. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, "हातून सुटलेला मासा बोडीत असते, पाह्यजे तवा परत धरा." एखादी गोष्ट बोट न उचलता सरकवायची, तर 'जाळं ओढायचं'. आणि यंत्र जागच्या जागी अडकलं की सारा वर्ग एका सुरात ओरडायचा, "फसलं जी गुर्जी, गाळात फसलं!"

वाळूचं घड्याळ दिसलं की बगळा ध्यानाला बसला. त्या वेळी हात लावायचा नाही, बोलायचं नाही, शिंकायचंसुद्धा नाही. "बगळा एका पायावर उभा असते तवा तू गोटा मारते का? मासा येईलोक थांब."

पहिल्या आठवड्यात मी हे सगळं सुधारायचं ठरवलं. दुसऱ्या आठवड्यात माझ्या वर्गातली पहिलीची पोरगी मला म्हणाली, "सर, तुमचा बगळा पळते लय. मासे पळून जातीन." तेव्हापासून मी सुधारणा बंद केली.

खरी अडचण शब्दांची नव्हतीच, विजेची होती. भारनियमनाचे दिवस. आमच्या फीडरवर वीज कधी येईल, कधी जाईल, हे लाईनमनलाही माहीत नसे. शाळेची वेळ साडेदहाची, आणि वीज यायची बहुतेक पहाटे सहाला, जायची दहाला. गुरुजींनी त्यावर सोपा उपाय काढला. वीज आली की शाळा.

ते शाळेपासून चार घरं टाकून राहायचे. अंगणातला दिवा लागला की उठून सरळ घंटा बडवायचे. सकाळी सहाला! मी भाड्याच्या खोलीत अंथरुणातून उडी मारायचो. गल्लीतून पोरं दात घासत, कोणी भाकर खात, कोणी एका हातानं चड्डी धरून पळत सुटायची. एका बाईनं गुरुजींना अडवून विचारलं, "मास्तर, लेकराले आंघोळ त करू द्याल का नाई?"

गुरुजी म्हणाले, "आंघोळ दिवसभर हाय, बाई. लाईन दिवसभर नाई."

तरीही कित्येकदा पोरं जमेपर्यंत वीज परत जायची. यंत्रासोबत एक बॅटरीचा डबा आला होता. वीज गेली की तो टूं-टूं करत बरोबर अकरा मिनिटं संगणक चालवायचा. पोरांना समान वाटा मिळालाच पाहिजे, हा गुरुजींचा हट्ट. खिचडी वाढताना जसे ते पातेल्याजवळ उभे राहायचे, तसे या डब्याजवळ उभे राहायचे. "राऊत सर, अकरा मिनटं, एक्केचाळीस लेकरं. हिशोब करा."

मी केला. "सोळा सेकंद, गुरुजी. एकेकाला."

"भरपूर हाय."

आणि त्यांनी ते भरपूर करून दाखवलं. पोरांकडून पुठ्ठे आणवले, प्रत्येकाकडून त्यावर कीबोर्ड काढून घेतला. अक्षरं उलटीसुलटी, एकाचा 'एम' चार पायांचा, पण जागा बरोबर. पोरं रोज तास-तासभर पुठ्ठ्यावर बोटं चालवायची, पाटीवर बगळा काढून तो करंगळीनं हलवायची, जाळं ओढायची, ढोलीत टाकायची. "आधी कोरड्यात पोहा," असं ते म्हणायचे. "पाण्यात उतरल्यावर इचार करत बसाल त बुडाल." वीज गेली, डबा टूं-टूं करू लागला, की पोरांची रांग लागायची. एकेक पोरगं यायचं, सोळा सेकंदांत आपल्या चित्रातला एक मासा रंगवायचं, ढोलीत टाकायचं आणि उठायचं. शहरातल्या माझ्या कोर्समध्ये एकेका माणसाला संगणक तासभर मिळायचा. त्यातला पाऊण तास आम्ही पत्ते खेळत होतो.

जानेवारीत विस्तार अधिकारी साहेब तपासणीला आले. स्वभावानं वाईट माणूस नव्हता, पण हातात छापील तक्ता होता आणि तक्ता हातात असला की चांगल्या माणसाचंही काही चालत नाही. सुदैवानं वीज होती. साहेबांनी तिसरीतल्या वनिताला उभं केलं. वनिता म्हणजे गुरुजींच्या वर्गातली सगळ्यांत तरबेज पोरगी. केस कायम डोळ्यांवर, बोलणं कमी, आणि बगळा असा चालवायची की वाटावं, तो तिचं ऐकतो.

"बाळ, कर्सर कुठे आहे?"

वनितानं डोळ्यांवरचे केस मागे सारले.

"बरं. आयकॉनवर डबल क्लिक कर."

वनितानं साहेबांकडे पाहिलं, मग गुरुजींकडे, मग छताकडे.

"फाईल सेव्ह कशी करतात?"

साहेबांनी तक्त्यात तीन फुल्या मारल्या. मी मानेनं खुणा करत होतो, त्यानं पोरगी आणखी गोंधळली. गुरुजींनी कानावरचा खडू काढला, पुन्हा कानावर ठेवला.

"साहेब, एक मिनिट. वनिता, बगळा ध्यानाले बसला का उठला?"

"उठला जी."

"मंग ढोली उघड. तुह्या मासा दाखव साहेबाले. मंग बोडीत सोड, आन् परत धरून आण."

पुढे जे झालं ते डोळ्यांचं पातं लवायच्या आत झालं. टोच-टोच, ढोली उघडली, मासा बाहेर, मासा बोडीत, मासा पुन्हा पडद्यावर. त्याला पिवळे कल्ले होते. साहेबांचं तोंड जरा उघडंच राहिलं. पण तक्ता हातात होता.

"गुरुजी, हे सगळं ठीक आहे. पण हे शब्द अभ्यासक्रमात नाहीत. बगळा काय, बोडी काय!"

"साहेब, हातात धराच्या त्या डबीले साहेबलोकायनं उंदीर म्हटलं. चालते. आमी बाणाले बगळा म्हटलं त काऊन नाई चालत? उंदीर तरी कोनत्या अभ्यासक्रमात होता?"

मी खाली पाहिलं. हसू आवरत नव्हतं. साहेबांना मात्र हे आवडलं नाही. ते उठता उठता म्हणाले, "महिन्याभरानं पुन्हा येतो. मुलांना तेव्हाही योग्य शब्द आले नाहीत, तर हा संगणक तालुक्याच्या मोठ्या शाळेत हलवावा लागेल. तिथे मागणी आहे."

गुरुजी दोन दिवस संगणकाकडे फिरकले नाहीत. सकाळी सहाला वीज आली तरी घंटा झाली नाही. गल्लीतली माणसं काळजीनं दारात येऊन उभी राहिली. ज्या बाईनं आंघोळीवरून भांडण केलं होतं, तीच मला विचारू लागली, "मास्तरले बरं नाई का?" मी गुरुजींना म्हणालो, "अहो, पंचवीस शब्द आहेत. मी घोकून घेतो पोरांकडून आठ दिवसांत."

"घोकून?" ते म्हणाले. "घोकलं का बगळा मरते, सर."

तिसऱ्या दिवशी घंटा झाली. मी वर्गात पोचलो तेव्हा गुरुजी वनितासमोर उभे होते.

"तुले घरी काय म्हणतात?"

"गुड्डी."

"आन् पटावर काय नाव हाय?"

"वनिता."

"मंग तू दोन पोरी हाय का?"

सगळा वर्ग हसला. "नाई जी. एकच."

"हां! तसंच हाय हे. घरी बगळा, पटावर कर्सर. घरी टोच, पटावर क्लिक. पाहुणा आला का पटावरचं नाव सांगाचं. हाय का नाई?"

"हायच!" सगळी पोरं ओरडली.

एवढंच. मी आठ दिवस मागितले होते, पोरांना एक सकाळ पुरली. भिंतीवर गुरुजींनी दोन रकाने काढले, 'घरचं नाव' आणि 'पटावरचं नाव'. पोरं येता-जाता त्यात भर घालू लागली. चौथीतल्या एकानं शेवटी लिहिलं, घरचं नाव 'गुर्जी', पटावरचं नाव 'श्री. गुरनुले ना. का., मुख्याध्यापक'. गुरुजींनी ते पुसलं नाही.

साहेब दुसऱ्यांदा आले, आणि त्यांचं पाऊल वर्गात पडलं तशी वीज गेली. डबा टूं-टूं करू लागला. गुरुजींनी नमस्कारसुद्धा केला नाही. "रांग!" एवढंच ओरडले. एक्केचाळीस पोरं क्षणात ओळीत. साहेब प्रश्न विचारत होते, पोरं बगळा हाकत हाकत उत्तरं देत होती. "कर्सर, साहेब." "सेव्ह, साहेब." "रिसायकल बिन, साहेब, घरचं नाव बोडी." साहेब तक्ता भरायचा सोडून रांगेकडे बघत राहिले. पोरांनी त्या दिवशी तेरा-तेरा सेकंदांत उरकलं. का ते मला नंतर कळलं. गुरुजींनी रांगेत पोरांच्या कानात सांगितलं होतं, "वेळ वाचवा, पाहुण्याले वाटा द्याचा हाय."

शेवटचं पोर उठल्यावर गुरुजी म्हणाले, "बसा साहेब. तुमचा नंबर बेचाळीस."

साहेब आधी नको नको म्हणाले, मग घाईघाईनं बसले. त्यांनी एक टोच मारली. वाळूचं घड्याळ आलं. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा मारली. मग सटासट चार-पाच. तेव्हा पहिलीतली, टेबलाएवढीही उंची नसलेली एक पोरगी पुढे आली आणि साहेबांचं मनगट दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "टोचू नका जी! ध्यानाले बसलाय, दिसत नाई का?"

साहेबांनी हात मांडीवर घेतला. आणि वर्गासोबत, श्वास रोखून, वाट पाहत बसले. डबा एक लांब शिट्टी मारून थांबला, पडदा काळा झाला.

"गेला," साहेब हळूच म्हणाले.

"येते उद्या," पोरगीनं त्यांची समजूत घातली.

संगणक शाळेतच राहिला. तक्त्यात साहेबांनी काय लिहिलं माहीत नाही, जाताना एवढंच म्हणाले, "गुरुजी, त्या भिंतीवरच्या रकान्यांचा एक कागद मला करून द्या."

ही आमच्या शाळेची सगळ्यांत मोठी विजयाची गोष्ट. ती इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण मग मिरचीचे दिवस आले.

धान निघाला की आमच्या भागातल्या गावांना काम उरत नाही. तेव्हा पलीकडे आंध्रात मिरची तोडायला माणसं लागतात. टेम्पो येतात, बाया-बापे, गाठोडी, भांडी, कोंबड्या आणि लेकरं भरून जातात, ती उन्हाळा डोक्यावर आला की परततात. मी हिंगणघाटकडचा, मला हे ठाऊक नव्हतं. गुरुजींना अठ्ठावीस वर्षं ठाऊक होतं.

टेम्पो यायच्या आधी आठ दिवस त्यांनी मला चंद्रपूरला पाठवून एक माईक आणवला. "याच्यात आवाज जाते, असं तुमीच म्हणत होते ना?"

"जातो. पण एका वेळी एकच मिनिट."

"पुरते."

त्यांनी जाणाऱ्या प्रत्येक पोराला त्या माईकसमोर बसवलं. पाढा म्हण, नाहीतर धडा वाच. या कामाचं घरचं नाव होतं 'आवाज सुकवणं'. मासे सुकवून ठेवतात, तसा. पहिलीतल्या गजाननाला त्याचाच आवाज ऐकवला, तर तो रडायला लागला, "हा कोन पोट्टा माह्यावानी बोलून राह्यला?" त्याची समजूत काढण्यात तीन मिनिटं गेली, आणि ती रडारड पण सुकवून ढोलीत गेली.

"कशासाठी हे गुरुजी?" मी विचारलं.

ते कडक आवाजात म्हणाले, "जूनात परत येतात तवा अर्धं इसरून येतात. आन् म्हणतात, आमाले हे आलंच नोतं. आता ऐकवतो ना एकेकाले! पुरावा पाह्यजे."

मला ते पटलं. गुरुजी पुराव्याचे भोक्ते होतेच.

टेम्पो आले आणि गेले. एक्केचाळीसची तेरा झाली. उरलेल्यांना आता सोळा सेकंदांऐवजी पाऊण मिनिटाहून जास्त मिळू लागलं. मी म्हणालो, "बघा गुरुजी, पोरांची चैन झाली." पुढे दोन-तीनदा असं झालं, की भूगोल शिकवता शिकवता त्यांनी बसायच्या रिकाम्या पट्टीकडे बोट करून विचारलं, "वनिता, तू सांग." मग खडू कानावर ठेवला आणि दुसऱ्याला विचारलं.

एके दिवशी ते घरचा टेपरेकॉर्डर घेऊन आले. जुना, एका बाजूचं झाकण सुतळीनं बांधलेला. म्हणाले, "ढोलीतले आवाज याच्यात उतरून द्या." मी स्पीकरसमोर टेप ठेवला, तेरा पोरांना गप्प बसवलं आणि अठ्ठावीस आवाज एकेक करून उतरवले. मधेच एका कोंबड्यानं बांग दिली, तीही उतरली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तीन दिवसांची रजा टाकली. कारण, पुतण्याचं लग्न, राजुऱ्याला. गावातली माणसं थक्क झाली. माझ्याआधी इथे असलेले शिक्षक सांगायचे, गुरुजींनी स्वतःच्या मुलींच्या लग्नातसुद्धा दुपारनंतरच रजा घेतली होती.

चौथ्या दिवशी परत आले ते खोकत. डोळे लालभडक, ओठ सुजलेले, हातानं खडू धरवेना. मी घाबरलो. "काय झालं गुरुजी?"

"लग्नातला सयपाक," ते खोकत म्हणाले. "लय तिखट केलता."

त्या संध्याकाळी मासिक पत्रकावर त्यांची सही राहिली होती, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. गुरुजी विहिरीवर गेले होते. काकू अंगणात चुलीवर चहा ठेवत होत्या. बाजूला बादलीत गुरुजींचा सदरा भिजत घातलेला, पाणी तांबूस. काकू अधूनमधून आपले तळहात गार मातीवर टेकवत होत्या.

"दोनदा धुतला," त्या म्हणाल्या. "हाताची आग होऊन राह्यली."

"लग्नात काय मिरच्या उधळल्या की काय?" मी हसत विचारलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "कोनचं लगन?"

"पुतण्याचं."

"आमाले पुतण्याच कुठी हाय, सर?"

मग त्यांनी सांगितलं. गुरुजी राजुऱ्याहून गाडी पकडून पलीकडे गेले होते. टेम्पोवाल्याकडून गावांची नावं घेतली होती. तीन दिवस, खांद्यावर टेप, मिरचीच्या वावरांतून चालत पोरं शोधत होते. अठ्ठावीसांतली एकोणीस सापडली. दुपारी माणसं जेवायला बसली, की झाडाखाली शाळा. आधी प्रत्येकाला त्याचाच जाण्याआधीचा आवाज ऐकवायचा, मग त्याच्याकडून आताचा म्हणून घ्यायचा. जिथे विसरलं, तिथे शिकवायचं. रात्री मजुरांच्या पालात झोपले. उशाला मिरचीचं पोतं होतं.

तेवढ्यात गुरुजी बादली घेऊन आले. मला पाहिलं, काकूंना पाहिलं आणि त्यांना कळलं. बादली ठेवून म्हणाले, "तपासणी होती. जूनापर्यंत कोन थांबते? जूनात पुरावा घेऊन काय त्याचं लोणचं घालाचं?"

"गुरुजी, मला ऐकवा ना."

ते आढेवेढे घेत आत गेले आणि टेप घेऊन आले. बाजेवर ठेवला, बटण दाबलं. आधी नुसता वारा. मग बायांचं हसणं, कोणाचा तरी खोकला. मग गजानन. सातचा पाढा. सात आठे वर अडकला. गुरुजींचा आवाज, "उठ, पुन्यांदा." पुन्हा अडकला. तिसऱ्यांदा पार केला तेव्हा मागून बायांनी टाळ्या वाजवल्या. आणखी दोघं-तिघं झाली. मग एक पोरगी धडा वाचू लागली, हळूहळू, एकही शब्द न चुकता. आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. धडा संपला तशी ती थांबली, आणि मग तिनं विचारलं,

"गुर्जी, आमी नसताना शाळा भरते का जी?"

खट्. टेप गप्प झाला.

मी वाट पाहिली. "मग?" मी विचारलं. "काय सांगितलं तिला?"

"तिथी कॅसेट सरली," गुरुजी म्हणाले.

काकू चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सरली कुठची? अर्धी कोरी हाय अजून."

गुरुजी सुतळी बांधलेल्या झाकणाशी चाळा करू लागले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"भरते म्हणलं असतं, त तिले वाईट वाटलं असतं, सर. आन् नाई भरत म्हणलं असतं, त ते पोट्टी तिथून चालत आली असती."